मास्तर, लिनक्स आणि मागची गाडी

मास्तरांनी माझ्या भाडेकराराला भोक पाडलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की हे घर साधं नाही. करार वाचून झाला, सह्या झाल्या, आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कंडक्टरचा जुना पंच काढून कागदाच्या कोपऱ्यात खटकन एक गोल भोक पाडलं. "झालं. आता तुमी आत," म्हणाले. पुढे कळलं की त्या घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाला भोक पडतं. लाइटबिलाला, लग्नपत्रिकेला, रोजच्या पेपरला. पेपरला भोक पडलं म्हणजे मास्तरांचा वाचून झाला, आता काकूंनी न्यायला हरकत नाही. एका पुतण्याच्या लग्नपत्रिकेवर नवरदेवाचा फोटो होता. भोक नेमकं नाकावर पडलं, आणि तो पुतण्या लग्न होऊन मूल झालं तरी त्यांच्याशी नीट बोलत नव्हता.

जन्मभर ते नगर-जामखेड रस्त्यावर सरकारी लाल गाडीत कंडक्टर होते. कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात, तसं त्यांना सगळे मास्तरच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी नगरला सावेडीच्या पुढे दोन खोल्या खाली आणि एक वर असं घर बांधलं. वरच्या खोलीत मी राहत होतो. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मशीन दुरुस्तीचं काम करायचो, रोज कंपनीच्या बसने जायचो. मास्तर मला 'इंजिनेर' म्हणत आणि माझ्या बसच्या ड्रायव्हरने गल्लीच्या तोंडाशी गाडी कशी चुकीची लावली यावर संध्याकाळी माझीच कानउघाडणी करत.

माणूस निवृत्त झाला होता, पण गाडीतून उतरला नव्हता. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, मयताला गेले तरी तोंडात एकच वाक्य. "पुढं सरका, आतमधी जागा हाय!" घरात त्यांनी भंगारातून आणलेली खरी बसची घंटी बसवली होती. तिची दोरी पुढच्या खोलीतून भिंतीच्या कडेने थेट स्वयंपाकघरात गेलेली. एक घंटी म्हणजे थांबा, चहा ठेवा. दोन घंट्या म्हणजे चहा पिऊन झाला, चला पुढे. काकू एवढ्या मवाळ, शांत बाई, पण त्या घंटीचा विषय निघाला की लाटणं हातात घेऊनच बोलायच्या. "संसार केला का डेपो चालवला, मलाच कळंना झालंय," म्हणायच्या, आणि घंटी वाजली की भांडं गॅसवर ठेवायच्या.

आता डब्याचं सांगतो. डबा हे नाव मास्तरांचं. ते होतं हातात धरून गेम खेळायचं यंत्र. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना दांडे आणि बटणं, आत मात्र पुरता संगणक. त्यांच्या मुलीचं होतं ते. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याहून आली आणि जाताना डबा कपाटातच ठेवून गेली. आईला म्हणाली, हँग होतोय, भंगारात टाक. वडिलांना काही म्हणाली नाही, कारण त्या दोघांचा अबोला होता.

या अबोल्याचं मूळ बरंच मागे, जामखेडच्या अलीकडच्या एका फाट्यावर आहे. मास्तरांचं कुटुंब तेव्हा गावीच राहायचं. पोरगी चित्रं अशी काढायची की शाळेच्या भिंती तिच्याच हातच्या. तिला नगरला कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला जायचं होतं. फाट्यावर गाडी आली ती खच्चून भरलेली, आणि दारात तिचे वडीलच उभे. बरीच माणसं हात करत होती. एकाला घेतलं तर सगळ्यांना घ्यावं लागणार, आणि स्वतःच्या पोरीला घेतलं तर उद्या सगळा रस्ता बोलणार. मास्तरांनी तिच्याकडे न बघताच सगळ्यांना सांगितलं, "मागून गाडी येतीय, रिकामी हाय!" पोरगी "थांबा, पप्पा, थांबा" म्हणत गाडीमागे थोडी पळालीसुद्धा. मास्तरांनी दोनदा घंटी मारली.

मागून गाडी आली नाही. मागून गाडी कधीच येत नसते. हे वाक्य महाराष्ट्रातला प्रत्येक कंडक्टर रोज म्हणतो आणि प्रत्येक प्रवासी रोज ऐकतो, विश्वास कुणाचाच नसतो. पण ती होती बारावीतली आणि सांगणारा तिचा बाप होता. ती उन्हात उभी राहिली, परीक्षा हुकली, आणि मग ती कॉमर्सला गेली. पुढे बँकेत लागली. मास्तरांनी पेढे वाटले. आणि मग एके दिवशी तिने बँक सोडली आणि पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रं काढायला लागली. मास्तर भडकले. "आन उंद्या ही कंपनी बंद पडली तर? मग काय करशील?"

ती म्हणाली, "काळजी करू नका पप्पा. मागून गाडी येतीय."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. जेवताना समोरासमोर बसून "आई, त्यांना मीठ द्यायला सांग" असं चालायचं. हे सगळं मला काकूंनी सांगितलं. मास्तर त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. त्यांनी फक्त डबा भंगारात जाऊ दिला नाही.

एका सुट्टीच्या सकाळी ते डबा घेऊन वर माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "इंजिनेर, कंडक्टरचा नेम काय हाय? पाशिंजर गाडीत काय इसरला, तर ती वस्तू जशीच्या तशी परत द्याची. चालू घड्याळ इसरला तर चालू घड्याळ द्याचं."

"पण मास्तर, हा डबा ती विसरताना बंदच होता."

"मंग चालू करून द्याचा. येवढं काय त्येच्यात."

चौदा एप्रिलच्या जयंतीला मुलगी येणार होती. तोवर डबा चालू झाला पाहिजे, हा त्यांचा हुकूम. मी तपासलं. यंत्र धडधाकट होतं, पण आतली सिस्टीम एवढी जड झाली होती की बटण दाबून माणूस अंघोळ करून आला तरी चक्र फिरतच असायचं. मी म्हणालो, हे सगळं काढू आणि लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकू. हलकं असतं, अशा डब्यांसाठी मुद्दाम बनवलेलं मिळतं, आणि फुकट.

'फुकट' म्हणताच मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. फुकट प्रवास करणाऱ्याला त्यांनी जन्मभर खाली उतरवलं होतं. "फुकट म्हंजी कुनाचंय त्ये?"

मी समजावून सांगितलं. कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही. जगभरातली माणसं मिळून बनवतात, दुरुस्त करतात, ज्याला हवं त्याने घ्यावं, वापरावं, उघडून बघावं.

मास्तरांनी डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "म्हंजी लाल गाडीच की. गाव तितं गाडी. बंद पडली तर पाशिंजरच उतरून ढकलत्यात." आणि थोडं थांबून, हळू आवाजात, "आमच्या आज्याच्या गावात पान्याची हीर हुती. पन ती समद्यांची नव्हती. म्हून मला जे समद्यांचं आसतं ना, त्ये आवडतं. लाल गाडीत कुनी बी कुनाशेजारी बसायचं, कुनाला इचारावं लागत न्हाई. टाका तुमचं लिनक्स."

त्या क्षणापासून या गृहस्थांना लिनक्सचं जे वेड लागलं, ते मला आवरता आवरेना. मी इतकी वर्षं लिनक्स वापरत होतो, पण ते माझं काम होतं. मास्तरांचं ते मत झालं. दूधवाल्याला ते लिनक्स समजावून सांगत. विहारात वंदना संपली की पायरीवर बसून चार माणसांना लिनक्स समजावून सांगत. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ही नवी बससेवा वाटायची आणि ते विचारायचे, "पुण्याला जाती का?" मास्तर बेधडक सांगायचे, "कुटंबी जाती."

प्रत्यक्ष बसवण्याचा दिवस म्हणजे गल्लीतला सोहळाच झाला. सिस्टीम मी पेनड्राइव्हवर आणली होती. सगळं पुसण्याआधी मास्तरांनी मला थांबवलं. "गाडी डेपोत लावली की आदी शिटाखाली बघायचं, कुनाचं काय राह्यलंय का." म्हणून मुलीच्या सगळ्या फायली मी दुसरीकडे उतरवून घेतल्या, आणि मास्तरांनी तीनतीनदा विचारून खात्री केली. मग त्यांनी दोरी ओढली. दोन घंट्या. मी बटण दाबून पेनड्राइव्हवरून डबा सुरू केला.

पडद्यावर अक्षरं उमटली, पण आडवी. या डब्यांचा पडदा मुळात उभ्या मोबाईलचा असतो, त्यामुळे बसवताना सगळं कुशीवर झोपलेलं दिसतं. हे मला माहीत होतं, पण डबा फिरवून धरला की जोडलेला कीबोर्ड आणि वायरी खाली लोंबकळून निसटायच्या. शेवटी आम्हीच फिरलो. मी मान वाकडी केली, मास्तरांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि काकू सरळ दिवाणावर आडव्या झाल्या. झोपल्या झोपल्या त्या एकट्याच नीट वाचत होत्या. "पुढे जायचं का, असं इचारतोय त्यो," त्यांनी सांगितलं. शेजारच्या सुमनबाई साखर मागायला आल्या, तर आम्ही तिघंही वाकडे. त्यांनी साखर मागायची सोडून आधी "काय झालं हो, वारं गेलं का अंगावरनं?" असं विचारलं. मग त्याही दारातच मान वाकडी करून उभ्या राहिल्या.

पहिल्यांदा लिनक्स सुरू झालं तेव्हा पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या आणि प्रत्येक ओळीपुढे हिरवं ओके. मास्तर उभेच राहिले. "ओके, ओके, ओके," ते मोठ्याने म्हणत गेले, बोट हवेत आपटत, जसं भरल्या गाडीत डोकी मोजत पुढून मागे जावं तसं. शेवटच्या ओकेला त्यांनी पंच काढला. मी डबा छातीशी धरला म्हणून वाचला, नाहीतर त्यालाही भोक पडलं असतं.

आता पासवर्डची गंमत ऐका. मास्तरांना पासवर्ड हा प्रकारच मान्य नव्हता. "सरकारी गाडीला कुलूप आसतं व्हय?" मी म्हणालो, अपडेट करताना लागतोच, तुम्हाला पाठ असलेलं काहीतरी ठेवा. त्यांना जगात एकच गोष्ट पाठ होती. त्यांनी सगळे थांबे ठेवले. नगर, चिचोंडी, कडा, आष्टी, जामखेड, इंग्रजी अक्षरांत, एकाला एक चिकटून. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत याचा त्यांना फार राग यायचा, म्हणून ते एका बोटाने बटणं दाबत प्रत्येक थांबा ओरडत जायचे. आष्टीला कुठेतरी बोट घसरायचं. "चुकलं. चला, परत नगरपास्नं!" आठवड्याभरात गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही तो पासवर्ड पाठ झाला. सुमनबाई तर भांडी घासता घासता अंगणातून सूचना द्यायच्या, "मास्तर, कड्याला थांबला न्हाईत तुमी!"

मास्तर डब्यावर गेम खेळत मात्र नसत. एकदाच खेळले. मी शर्यतीचा गेम लावून दिला. रस्त्याच्या कडेला प्रेक्षक उभे असतात, हात हलवत असतात. मास्तरांनी पहिल्याच वळणावर गाडी थांबवली.

"मास्तर, चला की!"

"हात केलाय मान्सांनी."

"ते टाळ्या वाजवतायत. शर्यत आहे."

"आसंल. पन हात केलाय."

दर वळणाला ते थांबले. बाकीच्या गाड्या जिंकून, सत्कार होऊन, घरी गेल्या असतील, मास्तर अजून दुसऱ्या वळणावर होते. त्या दिवसानंतर त्यांनी गेमला हात लावला नाही. त्यांना डबा फक्त चालू हवा होता. चालू आणि ताजा.

सुरुवातीला डब्याला आवाज नव्हता. एक अपडेट आलं आणि आवाज आला. मुक्या गाडीला हॉर्न फुटल्यासारखे मास्तर नाचले आणि तेव्हापासून ते अपडेटचे भक्त झाले. रोज अंघोळ करून, कपडे घालून, डब्यासमोर बसून विचारायचे, नवं काय आलंय? मी कपाळाला हात लावायचो. आमच्या कारखान्यात पहिला नियम असा की चालत्या मशीनला बोट लावायचं नाही. मास्तरांचा नियम उलटा होता. "डेपोतनं निगताना रोज हवा-पानी बगावंच लागतं. काल चालली म्हून आज चालंल, ह्ये कोन म्हनलं?" आमची यावर कडाक्याची भांडणं व्हायची. ती चहाच्या एका घंटीने सुरू व्हायची आणि दोन घंटीने मिटायची.

आता जयंतीच्या दिवसावर येतो. सकाळपासून गल्लीत निळ्या पताका, ढोल, पांढऱ्या साड्या. मुलगी पुण्याहून सकाळच्या गाडीने येणार होती. मास्तर पांढऱ्या कपड्यांत, इस्त्री अशी की बसले तर मोडेल म्हणून उभेच. डबा त्यांनी पुसून पुसून आरशासारखा केला होता. एवढंच करायचं होतं, ती आली की तो तिच्या हातात द्यायचा. काय बोलायचं हेही त्यांनी ठरवलं होतं, मला म्हणूनही दाखवलं होतं. "तुमची इसरलेली वस्तू." बस्स. अबोल्यातही एवढं बोलायला हरकत नव्हती, कारण हे कंडक्टर प्रवाशाला बोलतोय, बाप बोलत नाहीये.

आणि नेमकी त्याच सकाळी डब्यावर चिठ्ठी आली, नवी आवृत्ती आली आहे.

"मास्तर, पाया पडतो," मी म्हणालो, "आज नको. ती येऊन जाऊ द्या."

"पोरगी येनार, आन तिला जुन्या गाडीत बशिवतो व्हय?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. गल्लीतल्या बायका मिरवणुकीआधी जमल्या होत्याच, त्या येऊन बसल्या. मास्तरांनी थांबे ओरडत पासवर्ड मारला, आणि त्या दिवशी आष्टीला बोट घसरलं नाही. दोन घंट्या झाल्या. पडद्यावर निळी पट्टी पुढे सरकायला लागली. मास्तर डब्यावर हात ठेवून उभे, जसे गाडीच्या दारात दांडी धरून राहायचे. पट्टी जवळजवळ भरत आली.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मुलगी उतरली. रिक्षावाला पुढच्या भाड्याच्या घाईत, त्याने रिक्षा तशीच पुढे काढली, आणि तिची बॅग मागच्या सीटवरच राहिली. ती रिक्षामागे पळत ओरडली, "थांबा! ओ, थांबा!"

मी मास्तरांकडे बघत होतो, म्हणून मला दिसलं. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. डाव्या हाताने त्यांनी दोरी ओढली, एकच घंटी, आणि उजव्या हाताने डब्याचं बंद करायचं बटण दाबून धरलं. जीव खाऊन धरलं. पडदा काळा झाला.

"थांबवली," ते म्हणाले. "थांबवली गाडी. येऊ द्या तिला."

बाहेर रिक्षा थांबली होती, मुलगी बॅग घेऊन दारात आली होती. दम लागलेली, कपाळावर घाम. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या काळ्या पडद्याकडे बघितलं, आणि आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. मी आयुष्यात अनेक बंद मशिनी आणि त्यांच्यापुढे उभी माणसं पाहिली आहेत, पण तसा चेहरा पाहिला नाही. तोंडपाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ते नुसतेच डबा पुढे धरून उभे राहिले.

"काय झालं?" मुलीने आईला विचारलं. त्यांना नाही विचारलं.

काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुज्यासाठी म्हयनाभर डबा चालू करून ठिवला, आन तू थांबा म्हनल्याबरूबर बंद पाडला. बाप हाय तुजा, दुसरं काय."

"मी रिक्षाला म्हणत होते."

"त्येंला काय ठावं. त्येंनी आज थांबिवली."

बॅग तिथेच खाली ठेवून मुलगी मास्तरांकडे बघत राहिली. तिला फाटा आठवला असणार. आम्हा सगळ्यांनाच आठवला, ज्यांनी तो पाहिलाही नव्हता त्यांनासुद्धा. सुमनबाईंनी पदराने डोळे पुसले आणि दुसऱ्याच क्षणी "पन आता चालू व्हतो का न्हाई त्यो?" असं मुद्द्याचं विचारलं.

मी डबा घेतला. बटण दाबलं. कंपनीची खूण दिसली आणि गाडी तिथेच अडकली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मास्तर माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, ओके, ओके, पण पडद्यावर एकही ओके नव्हतं. मग मला सुचलं. सुरू होताना एक बटण दाबून धरलं, आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. वरची आज अर्धवट राहिलेली. खालची कालची.

"मास्तर," मी म्हणालो, "ही सिस्टीम नवी गाडी आणताना जुनी मोडीत काढत नाही. जुनी तशीच्या तशी मागे उभी ठेवते. नवी बंद पडली तर मागची येते."

मास्तरांनी मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"म्हंजी," ते म्हणाले, "मागून गाडी येतीय?"

"येतेय."

"खरंच येतीय?"

"बघा की."

मी खालची ओळ निवडली. ओळी धावायला लागल्या. ओके. ओके. ओके. मास्तर मोठ्याने मोजू लागले, त्यांच्यामागे सुमनबाई, मग दारातल्या सगळ्या बायका, आणि बाहेर ढोल वाजत होता त्याच ठेक्यावर खोलीभर ओके, ओके चाललं. डबा सुरू झाला. आवाजासकट.

त्या गोंधळात मास्तर मुलीजवळ गेले. जन्मभर दारात उभं राहून ओरडलेला माणूस, पण बोलला अगदी हळू. "माय," ते म्हणाले, "आली गं मागची गाडी. लई उशीर केला मी."

मुलगी आधी हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम करत म्हणाली, "पप्पा, सरका पुढं. आत जागा आहे." आणि टेबलाजवळच्या, दाराकडेच्या, कंडक्टरच्या सीटसारख्या एकट्या खुर्चीवर बसली, जिच्यावर मास्तरांशिवाय कुणी कधी बसत नसे.

अर्धवट अपडेट पुन्हा करायचं होतंच. मी म्हणालो, राहू द्या, उद्या करू. दोघांनी एकाच सुरात मला गप्प केलं, तेव्हा मला ती कुणाची मुलगी आहे ते नीट कळलं. पासवर्ड तिला कुणी सांगितला नाही. बाहेर गल्लीतली पोरंच ओरडून सांगत होती. ती टाइप करत गेली आणि मास्तर तिच्या खांद्यावरून थांबे म्हणत गेले. नगर. चिचोंडी. कडा. आष्टी. आष्टी झाल्यावर तिचं बोट जरा थांबलं. पुढे जामखेड, आणि मधे तो फाटा. मास्तरही थांबले. मग दोघांनी मिळून जामखेड म्हटलं.

शेवटचं बटण राहिलं. मास्तरांनी घंटीची दोरी हातात धरली, पण ओढली नाही.

"चढलीस का?" त्यांनी विचारलं. "नीट बसलीस?"

"बसले, पप्पा. मारा."

मास्तरांनी दोनदा घंटी मारली. निळी पट्टी सरकायला लागली, आणि आतून काकू ओरडल्या, "आवो, दोन कशापायी? पोरीनं आजून चहा घेतला न्हाई!"